टाळूवरचं तेल

माझ्या ताईच्या बाळाच्या रक्तात बुरशी झाली होती. हे एवढं साधं वाक्य मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. गावात सांगितलं तर म्हणतात, "रक्तात कुठी बुरशी होत असते काय व? बुरशी लोणच्याले येते." कॉलेजात सांगितलं तर मैत्रिणी गप्प होतात आणि मग दुसरंच काही बोलतात. म्हणून लिहून काढते आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात परीक्षेचा पेपर लिहिणारी मी पहिलीच, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर समजून घ्यावं. पण कुठल्या तरी दवाखान्यात असंच एक लहान बाळ नळीवर असेल आणि त्याच्या पेटीशेजारी माझ्यासारखी कुणी बसलेली असेल, तर तिच्या हाती हे पडावं एवढंच वाटतं.

दवाखान्याचं आणि शहराचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमच्यासाठी जिवाचं रान केलं. नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, मी बोट दाखवते आहे.

हिरवी उलटी

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लोणारला आली होती. बाबा इथे बाजारात शिवणकाम करतात. भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, शेती हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका खेड्यात आहे. मी तेव्हा मेहकरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते.

बाळ घरीच झालं. मुलगा. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी त्याला उलटी झाली, हिरवी. माय म्हणाली, "दूध नाई पचून राह्यलं, होते असं." तिसऱ्या दिवशी पोट ढोलकीसारखं ताणलं आणि आवाज बसला. गावातल्या डॉक्टरांनी पोटावर दोन बोटं ठेवली, लगेच काढली आणि भाऊजींना म्हणाले, "आजच निघा. इथे नाही, बुलडाण्याला पण नाही. मोठ्या शहरात."

ताईचं रक्त खूप गेलं होतं आणि अंगात ताप होता. डॉक्टरांनी तिला हलवू नका म्हणून सांगितलं. ते नसते बोलले तरी मायने ओल्या बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याबाहेर पाठवलं नसतंच. मग कोण जाणार? माय ताईला सोडू शकत नव्हती. "मंदीले पाठवा," बाबा म्हणाले. "तिले वाचता येते. तिथी पाट्या वाचा लागतात."

एवढ्या एका गुणावर मी जीपमध्ये बसले. ताईने बाळ माझ्या मांडीवर दिलं तेव्हा तिचे हात तापाने चटके बसावेत इतके गरम होते. ती बाळाकडेच बघत होती.

नळी

आतड्याला पीळ पडला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, आतड्याचा एक तुकडा काढून टाकावा लागला. बाळांच्या वॉर्डच्या डॉक्टर एक बाई होत्या, साधारण चाळिशीच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या मला बाकावर शेजारी बसवून समजावत. उभ्या उभ्या त्या कधीच बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

"आतडं बरं व्हायला वेळ लागणार," त्या म्हणाल्या. "तोवर तोंडाने दूध नाही. आपण त्याला रक्तातून जेवण देऊ."

मानेच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयाजवळ नेली होती. तिचं बाहेरचं टोक कातडीखालून वर आणून कानामागे, डोक्यावर काढलं होतं. तिथले केस काढून त्यावर पट्टी. नळीतून साखरेचं पाणी जाई, आणि दुसऱ्या बाटलीतून एक पांढरं औषध. अगदी दूध.

"दूध नाही ते," मॅडम म्हणाल्या. "तेल आहे, पाण्यात अगदी बारीक मिसळलेलं. मिळत नाही सहजी. याच्या अंगावर मांस चढायला तेच हवं."

त्याला ठेवलेल्या काचेच्या उबदार पेटीवर चिठ्ठी होती: सुमनचं बाळ. सुमन म्हणजे ताई.

काऊनबाई

वॉर्डमध्ये दिवसातून तीन वेळा, प्रत्येक बाळामागे एका बाईला आत सोडत. कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावर त्यांचा झगा घालायचा, पेटीच्या गोल भोकातून हात घालायचे. सिस्टर कमी होत्या, म्हणून लंगोट बदलणं, अंग पुसणं आमच्याकडेच असे.

तिथल्या मोठ्या सिस्टर साताऱ्याकडच्या होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "सिस्टर, याचे हात काऊन बांधले?"

"काऊन?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काऊन म्हणजे काय असतं गं? खायचं की ल्यायचं?"

"का, म्हणजे... कशासाठी."

"मग का म्हणावं माणसानं! नळी ओढतो म्हणून बांधले. ए, ऐकलंत का, आपल्याकडं काऊनबाई आल्यात."

त्या दिवसापासून मी काऊनबाई झाले. आधी राग आला. नंतर नंतर, "काऊनबाई, तुमच्या बाळाला आज शी झालीय बरं का, पेढे काढा," असं त्या दारातून ओरडत, तेव्हा मी व्हरांड्यातून धावत जाई. तो हिरवट डाग पडलेला लंगोट मी भाऊजींनाही दाखवला होता. भाऊजी बघून हसले. त्या चोवीस दिवसांत ते मला तेवढे एकदाच हसलेले आठवतात.

पत्र

नवव्या दिवशी भाऊजी लोणारला जाऊन आले. येताना शेंगदाण्याची चटणी, भाकरी, माझे कपडे आणि औषधाची एक जुनी बाटली घेऊन आले. बाटलीत तिळाचं तेल होतं. मायने तापवून, गाळून भरलेलं. सोबत ताईचं पत्र. ताई चौथीपर्यंत शिकली आहे. तिची अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून दूर असतात.

'मंदे, टाळू भरतं का नाई. तिथी कोणी भरत नसन. टाळू सुकली तं लेकरू सुकते. तू भरजो. मले येता येत नाई.'

आमच्याकडे बाळाची टाळू रोज तेलाने भरतात. डोक्याच्या मध्यावर जिथे हाड जुळलेलं नसतं, तिथे तेल जिरवायचं. ते न करणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवण्यासारखंच. माझीही भरली होती, ताईचीही.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो.

मॅडमनी सांगितलं होतं की पट्टीला आणि नळीला कुणीही हात लावायचा नाही. मी तो नियम पाळला. टाळूबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. परीक्षेत प्रश्नात जेवढं विचारलं तेवढंच उत्तर लिहायचं, तशी माझी सवय. मी स्वतःशी म्हटलं, पट्टी वेगळी, टाळू वेगळी. मध्ये माझी तीन बोटं मावत होती. पण विचारलं असतं तर सिस्टर नको म्हणाल्या असत्या हेही मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही. दुपारच्या वेळेला सिस्टर दुसऱ्या टोकाला औषधं काढत असत. तेव्हा झग्याच्या खिशातून बाटली काढायची, चार थेंब तळहातावर घ्यायचे, आणि भोकातून हात आत.

मी हे नऊ दिवस केलं.

बारावा दिवस

बाराव्या दिवशी भाऊजी व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं.

"मंदे, आज बारावा हाय."

"हाव."

"नाव ठेवाचं काय?"

मी म्हटलं, "ताई आल्यावर ठेवू ना, भाऊजी. तिच्या मांडीवर."

"हाव. बराबर हाय." ते म्हणाले, "मी एक नाव इचार करून ठेवलं व्हतं. राहू दे. आता नाई सांगत."

ते नाव त्यांनी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

ताप

पंधराव्या दिवशी सकाळी पेटीतलं बाळ राखेच्या रंगाचं दिसलं. ताप होता. मध्येच श्वास थांबायचा, सिस्टर तळपायावर टिचकी मारायच्या, मग पुन्हा सुरू व्हायचा. औषध बदललं. ताप तसाच. नळी दोनदा तुंबली. मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या.

"रक्तात काहीच उगवत नाही," त्या म्हणाल्या. "जंतू असणार हे दिसतंय. पण सापडत नाही. आणि सापडल्याशिवाय ही नळी काढायची हिंमत होत नाही माझी. नळी काढली तर याला जेवायला दुसरी वाट नाही."

त्या उठून गेल्या. माझ्या खिशात बाटली होती. ताप आल्यावरही मी तेल थांबवलं नव्हतं, हे मी इथे कबूल करते. उलट दोन थेंब जास्त लावले होते. टाळू खोल गेलेली दिसत होती. मला वाटलं सुकते आहे.

त्या तीन दिवसांत मला शंका आली नव्हती का? आली होती. पट्टीची कड पिवळट झाल्याचं मी पाहिलं होतं, आणि बोट लावल्यावर ती तेलकट लागली होती. पण सांगितलं तर मला आत सोडणार नाहीत, ही भीती मोठी होती. मग त्याच्याजवळ कोण? मी बाळासाठी घाबरत होते की स्वतःसाठी, हे आजही मला ठरवता येत नाही.

अठराव्या दिवशी दुपारी मी आत गेले, हात धुतले, आणि पेटीपर्यंत न जाता मोठ्या सिस्टरांपुढे बाटली धरली.

"हे काय?"

"तेल. मी त्याची टाळू भरते."

सिस्टरांनी बाटली उजेडात धरली. मला वाटलं आता कानाखाली बसेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून गं?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आत मॅडमना बोलवायला निघूनही गेल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. किती दिवस, आणि कुठपर्यंत. मग पट्टी काढून बघितली, नळीतलं रक्ताचं एक टिपूस काचेवर घेतलं आणि स्वतः ती काच घेऊन खालच्या प्रयोगशाळेत गेल्या. तासाभराने मला बोलावणं आलं.

"सायन्सला आहेस ना? बघ."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळसर रंगात लहान लहान गोल. काहींच्या एका टोकाला अजून लहान गोल चिकटलेला, जशी बुटक्या मानेची बाटली. मी ओळखलं. आमच्या पुस्तकात किण्वाचं, म्हणजे यीस्टचं, असंच चित्र होतं, कळी फुटतानाचं. त्यावर मला कॉलेजात दहापैकी आठ गुण मिळाले होते.

"बुरशी," मी म्हटलं.

"हो. फार क्वचित दिसते रक्तात. हिला वाढायला तेल लागतं. जंतू वाढवून बघायच्या आमच्या बशीत तेल नव्हतं म्हणून तीन दिवस काही उगवलं नाही. आता तेलाचा थेंब टाकून लावलंय, उगवेल." त्यांनी चष्मा काढला. "ही बुरशी कुठून बाहेरून येत नाही. तुझ्या कातडीवर आहे, माझ्याही. एरवी काही करत नाही. नळीतून आत शिरली की आत तिला आमचं पांढरं औषध मिळतं. तेही तेलच."

"मग माझ्यामुळे..."

"तुझ्या तेलाने, आमच्या बाटलीने, की पट्टी बदलताना माझ्याच हाताने, हे मला सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं ठरेल."

"मी तीन दिवस आधी सांगितलं असतं तर?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना टाळता आलं असतं. "तर तीन दिवस आधी नळी काढली असती," त्या म्हणाल्या.

त्या खरं बोलल्या याचा मला नंतर खूप आधार वाटला. त्या क्षणी मात्र नाही.

दोन चांगले दिवस

नळी काढली. पांढरं औषध बंद झालं. एकोणिसाव्या दिवशी ताप उतरला. विसाव्या दिवशी त्याने डोळे उघडून माझ्या दिशेला बघितलं, आणि मी दिलेलं बोट असं धरलं की सिस्टर म्हणाल्या, "काऊनबाई, सोडवून दाखवा बघू." नाकातल्या नळीतून पाण्यासारखं पातळ दूध, एका वेळी अर्धा चमचा. दोन दिवस ते पोटात राहिलं. बशीत बुरशी उगवल्याचं मॅडमनी सांगितलं ते याच दिवसांत, पण तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. भाऊजींनी लोणारच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला आणि निरोप ठेवला: लेकरू बरं आहे.

मग पोट फुगलं. दूध बंद करावं लागलं. मानेत दुसरी नळी इतक्या लवकर घालता येत नव्हती, आणि सलाईनला हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना. मॅडम दीड तास वाकून बसल्या होत्या. एक शीर मिळाली की दुपारपर्यंत टिके. त्याला काही होत होतं असं नव्हतं, ताप नव्हता, रडणं नव्हतं. तो फक्त उपाशी होता आणि आम्हा कुणाजवळ त्याला खायला घालायची वाट नव्हती.

चोविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. मोठ्या सिस्टर मला घ्यायला व्हरांड्यात आल्या. कोमट पाण्याचं भांडं त्यांच्या हातात होतं. "ये," त्या म्हणाल्या, "आपण दोघी पुसून घेऊ त्याला." त्या दिवशी त्यांनी मला काऊनबाई म्हटलं नाही.

भाऊजींनी तिथेच, त्या शहरात, त्याला मातीआड केलं. एवढ्या लांब एसटीने कसं न्यायचं, आणि ताईपुढे कसं ठेवायचं, त्यांना जमेना.

घरी

दारात मायने मला धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "टाळू भरत होती ना तू?"

"हाव."

"मंग कसं गेलं व लेकरू?"

मी पिशवी आत नेऊन ठेवली. ताई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. नंतर तिच्या सासूबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आपलं लेकरू दुसऱ्याच्या हाती देऊन आई घरी राह्यते, असं पाह्यलं नाई बाप्पा कुठी." ताईने ऐकून घेतलं. मायही खाली बघत राहिली. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी कॉलेजला निघून गेले.

माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते. टाळू भरणं वाईट, असं मी म्हणत नाही, घराघरात भरतात. पण बाळाला नळी असेल तर तेल, राख, दोरा, अंगारा, जे काही घरून आलं असेल ते आधी डॉक्टरांपुढे ठेवा. रागावतील. रागावू द्या. आणि लावून झालं असेल तरी सांगा, त्याच दिवशी. मला तीन दिवस लागले.

ताई

ताईला मी पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं. ती चार दिवस माहेरी आली होती. सकाळी गच्चीवर आम्ही दोघी कुरडया घालत होतो, माय खाली चीक शिजवत होती. ताई आता बोलत असे, पण कामापुरतं. मी सोऱ्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तेल, पट्टीची पिवळी कड, तीन दिवस, मॅडमचं उत्तर. एकही गोष्ट सोडली नाही. ती उठून जाईल असं मला वाटत होतं. जावं असंही वाटत होतं.

"रोज भरे तू?" तिने विचारलं.

"हाव. नऊ दिवस."

"मी लिवलं म्हणून."

"तू लिवलं म्हणून. पण विचारलं मीच नाई, ताई. मले विचारता येत होतं."

ती कपड्यावरची ओली कुरडई बोटाने उगीच सरळ करत राहिली.

"मले वाटे," ती म्हणाली, "त्याले कोणीच हात लावला नसन. काचेत ठेवलं व्हतं म्हने. माह्यापाशी दोनच राती व्हता. मंग कोणीच नाई."

"मी लावत होती."

"कशी लागे?"

"काय?"

"टाळू व. हाताले कशी लागे? उडे काय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. जेवताना लहान मुलं पुढ्यात बसतात तशी मांडी घालून माझ्याकडे तोंड करून बसली होती.

मी सांगायला लागले. उडत होती. बोट ठेवलं की बोटाखाली लागत होती, पिकल्या फळासारखी मऊ, आणि कडेला हाड. तेल गार असे म्हणून मी आधी दोन्ही तळहात घासून घेत असे. पहिल्या दिवशी त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून नाही. हात लागला की डोळे मिटून घेई आणि ओठ हलवी, अंगावर पीत असल्यासारखे.

"कोणती कूस आवडे त्याले?"

"डावी."

"माह्यापाशी बी डावीच," ताई म्हणाली. "आन मंग?"

खालून मायने हाक मारली, चीक गार होऊन राह्यला म्हणून. आम्ही कुणीच उठलो नाही.

"आन मंग?" ताई म्हणाली.

मी पहिल्या दिवसापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.